पळस : पानाचे नाव, गावाचे नाव

पुण्याहून सोलापूरकडे निघालेल्या प्रवाशाला भिगवण ओलांडले की डाव्या हाताला उजनी जलाशयाचे पाणी दिसू लागते. रस्ता आणि पाणी यांच्या मधल्या पट्ट्यात ऊस, केळी आणि बांधाबांधावर माजलेली वेडी बाभूळ. याच वाटेवर इंदापूर तालुक्यातील पळसदेव या गावाची पाटी लागते. नाव वाचून डोळ्यांसमोर येतो तो फाल्गुनात पेटलेला केशरी पळस. पण पाटीमागे दिसते ती ऊसपट्ट्यातल्या कोणत्याही गावासारखी वस्ती. ज्या गावाने हे नाव कमावले ते या पाटीपाशी नाहीच. ते डावीकडच्या पाण्याखाली आहे.

शेजारच्या बारामती तालुक्यात पळशी नावाचे गाव आहे. लोणी भापकर, मोरगावच्या बाजूचा हा जिरायती पट्टा. बारामती म्हटले की शहरी वाचकाला कालवे, साखर कारखाने आणि हिरवीगार शेती आठवते. पळशीच्या भागाने मात्र वर्षानुवर्षे पावसाची आणि पुढे टँकरची वाट पाहिली आहे. एकाच झाडावरून नाव घेतलेली दोन गावे, एक पाण्यावाचून सुकलेले आणि दुसरे पाण्यात बुडालेले. या दोन गावांना जोडणारा शब्द कुठून आला, त्याने वाटेत किती अर्थ गोळा केले आणि किती सांडले, हे पाहू लागलो की गोष्ट थेट वेदकाळापर्यंत मागे जाते.

मराठी ‘पळस’ हा संस्कृत ‘पलाश’ शब्दाचा तद्भव आहे. प्राकृतात ‘श’चा ‘स’ झाला आणि ‘पलास’ हे रूप आले; हिंदीत ते जवळजवळ तसेच राहिले. मराठीने दोन स्वरांमधल्या ‘ल’चा ‘ळ’ केला, जसा फल-फळ, काल-काळ, नल-नळ या जोड्यांत केला, आणि मधला ‘आ’ आखूड करून ‘पळस’ घडवला. इथवर काही विशेष नाही. विशेष आहे ते ‘पलाश’ या शब्दाच्या अर्थात. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ‘पान’ असा आहे. झाडाचे नाव नंतरचे. अमरकोशात पानाला जे पर्याय दिले आहेत त्यांत पत्र, छदन, दल, पर्ण यांच्याच पंक्तीत ‘पलाश’ बसलेला दिसतो. विष्णूला ‘पद्मपलाशलोचन’ म्हणतात तेव्हा त्या डोळ्यांचा पळसाशी काडीचाही संबंध नसतो; कमळाच्या पाकळीसारखे डोळे, एवढाच तेथे अर्थ. ब्राह्मणग्रंथांत तर परशूच्या पात्यालाही ‘पलाश’ म्हटलेले सापडते. मराठीत आजही हत्याराचे ‘पाते’ आणि झाडाचे ‘पत्ते’ हे एकाच ‘पत्र’ शब्दाचे वंशज आहेत, त्यामुळे या कल्पनेचे आपल्याला नवल वाटू नये.

या झाडाचे पलाशाहूनही जुने नाव ‘पर्ण’. ऋग्वेदातील दहाव्या मंडलाच्या औषधिसूक्तात वनस्पतींची वस्ती अश्वत्थावर आणि पर्णावर असल्याचा उल्लेख आहे. तेथे ‘पर्ण’ म्हणजे हाच वृक्ष. अथर्ववेदात ‘पर्णमणी’ हा या लाकडाचा ताईत येतो. आणि ‘पर्ण’ म्हणजेही पानच. म्हणजे दोन वेगवेगळ्या काळांत, दोन वेगवेगळ्या शब्दांनी, लोकांनी या झाडाला एकच हाक मारली : पान.

वैदिकांनी या नावाची एक सुंदर उपपत्ती सांगितली आहे. सोम स्वर्गात होता. गायत्री पक्षिरूप घेऊन तो आणायला निघाली. सोम घेऊन परतताना रक्षकाने तिच्यावर बाण सोडला आणि एक ‘पर्ण’ तुटून पृथ्वीवर पडले. ते पंख होते की सोमवल्लीचे पान, याविषयी ग्रंथकार निश्चित बोलत नाहीत, आणि त्यांना बोलण्याची गरजही नव्हती. कारण ‘पर्ण’ या शब्दात पीस आणि पान हे दोन्ही अर्थ मुळातच आहेत. जिथे ते पडले तिथे पर्णवृक्ष उगवला. म्हणून हे झाड यज्ञाचे. आहुतीची ‘जुहू’ नावाची पळी पळसाच्या लाकडाची, समिधा पळसाच्या आणि मुंजीत बटूच्या हातात दिला जाणारा दंडही पळसाचा. (यज्ञातली पळी पळसाची होती म्हणून मराठी ‘पळी’ शब्द पळसातून आला, असे सांगणारे भेटतात. तो मोह आवरावा.)

‘पर्ण’ शब्दाचा ‘पण्ण’ होऊन मराठी ‘पान’ झाले. ही साखळी ध्यानात घेतली की रोजच्या बोलण्यातली एक म्हण निराळीच दिसू लागते. कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने याचा अर्थ ‘पानाला पाने तीन’ असा होतो. म्हण रचणाऱ्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला ठाऊक होते ते झाड. रानात कोणताही पळस पाहा, एका देठावर तीनच्या जुडीखेरीज वेगळे काही आढळायचे नाही. म्हणून मनुष्यस्वभाव, सरकारी कारभार, सासर-माहेर, कशालाही ही म्हण चालते. हिंदीतही ‘ढाक के तीन पात’ आहे, पण तिचा रोख जरा वेगळा. तिथे कितीही खटपट करा, फळ जुनेच, अशी हताशा आहे. मराठी म्हणीत देशोदेश हिंडून आलेल्या माणसाचे शहाणपण आहे. वनस्पतिशास्त्रज्ञाला विचारले तर तो दोन्ही म्हणी खोडून काढील. त्याच्या हिशेबी ते तीन पानांचे झुबके नव्हेत, तीन पर्णिकांचे मिळून ते एकच पान आहे. पण त्याच्या हिशेबाने म्हणी चालत नाहीत.

शब्द एकदा झाडाला चिकटला की त्याला नवे कोंब फुटतात. पळसाच्या पानांचा रंग पाहून ‘पालाश’ म्हणजे हिरवा, असा अर्थ अमरकोशाने नोंदवला आहे. आजच्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. पळसाचा रंग सांगा म्हटले तर शंभरातले नव्वद जण केशरी किंवा लाल म्हणतील. पण ज्यांनी हा शब्द रंगासाठी वापरला त्यांच्या डोळ्यांपुढे वर्षातून तीन-चार आठवडे असणारे फूल नव्हते, आठ-दहा महिने असणारे पान होते. दुसरीकडे, ‘पल’ म्हणजे मांस आणि ‘अश’ म्हणजे खाणे, असा विग्रह करून ‘पलाश’ हे राक्षसाचेही नाव झाले. हा विग्रह झाडाला लावून, मांसाच्या लालभडक तुकड्यांसारखी फुले म्हणून पलाश, असेही सांगितले जाते. कोशकारांनी मगध देशाचे एक नाव म्हणूनही पलाश दिले आहे आणि आंबेहळदीच्या जातीतल्या कचोरालाही ते लावले आहे. पान, पाकळी, पाते, हिरवा रंग, राक्षस, देश, कंद आणि झाड. एका शब्दाने याहून अधिक काय वाहावे?

फुलाकडे पाहणाऱ्यांनी मात्र वेगळे नाव दिले : किंशुक. ‘हा काय पोपट आहे?’ असा त्यात प्रश्नच आहे. पळसाची कळी उमलताना तिच्या पाकळ्यांचा जो बाक दिसतो तो हुबेहूब राघूच्या चोचीसारखा. काळसर मखमली निदल आणि त्यातून निघालेली केशरी चोच पाहिली की नाव देणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. संस्कृत सुभाषितकारांनी मात्र किंशुकावर अन्यायच केला. रूप आहे पण गंध नाही, म्हणून विद्याहीन रूपवंताला त्यांनी किंशुकाची उपमा दिली आणि ती शतकानुशतके शाळांतून पाठ केली गेली. मधमाश्या, सूर्यपक्षी आणि मैना या फुलोऱ्यावर तुटून पडतात, त्यांना या उपमेचा पत्ता नाही.

एकच झाड प्रत्येकाला वेगळे दिसते, ही गोष्ट पाली जातककथांनी फार पूर्वी ओळखली होती. ‘किंसुकोपम जातक’ म्हणून एक कथा आहे. चार राजपुत्रांना किंशुक वृक्ष पाहायचा होता. सारथ्याने प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी रानात नेले. एकाने कळ्या धरण्याच्या सुमारास पाहिले, त्याला ते जळलेल्या खोडासारखे वाटले. दुसऱ्याने पालवी आल्यावर पाहिले, तो म्हणाला वडासारखे. तिसऱ्याने फुलोऱ्यात पाहिले, तो म्हणाला मांसाच्या गोळ्यासारखे. चौथ्याने शेंगा लागल्यावर पाहिले, त्याला ते शिरीषासारखे वाटले. चौघे भांडत राजाकडे गेले. राजाने एवढेच विचारले की, तुम्ही सारथ्याला ‘कोणत्या वेळी झाड कसे दिसते’ हे का विचारले नाही? पळसाच्या नावांची यादी वाचताना हा प्रश्न मनात ठेवावा. भावप्रकाशासारख्या आयुर्वेदग्रंथात याची नावे ओळीने येतात : यज्ञिय, रक्तपुष्पक, क्षारश्रेष्ठ, ब्रह्मवृक्ष, समिद्वर. पहिले नाव याज्ञिकाचे, दुसरे रानातून जाणाऱ्याचे, तिसरे राखेपासून क्षार काढणाऱ्या वैद्याचे. नाव झाडाचे असते, पण त्यात माणूस दिसतो.

अन्य भाषांतही हेच. कन्नडमध्ये मुत्तुग, तेलुगूत मोदुग, गुजरातीत झाडाला खाखरो आणि फुलाला केसूडो. हिंदीत टेसू. ही केसू-टेसू मंडळी ‘किंशुक’ शब्दाचीच नातलग मानली जातात, म्हणजे तिथे लोकभाषेने फुलाचे नाव उचलले. मराठीने पानाचे उचलले. आपल्याकडे ‘किंशुक’ फक्त कवितेत आणि बारशाच्या यादीत राहिला.

साहेबांच्या भाषेत हे झाड ‘फ्लेम ऑफ द फॉरेस्ट’ झाले, अर्थात तेही फुलावरून. शास्त्रीय नावाची हकीकत अधिक मौजेची आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे विल्यम रॉक्सबर्ग यांनी या वृक्षासाठी ‘ब्यूटिया’ ही प्रजाती स्थापली. नाव दिले बूटचे अर्ल जॉन स्टुअर्ट यांच्यावरून. हे गृहस्थ १७६२-६३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान होते. राजकारणात त्यांच्या वाट्याला शिव्याशाप आले, वनस्पतिशास्त्राच्या नादात मात्र त्यांनी आयुष्य आनंदात घालवले. हिंदुस्थानचे रान काही त्यांनी पाहिले नाही. प्रजातीच्या नावापुढे जातीचे नाव होते ‘फ्रॉन्डोसा’, म्हणजे ‘पर्णसंपन्न’. थोडक्यात, लॅटिननेही या झाडाला ‘पान’ म्हणूनच हाक मारली होती! पण नामकरणाच्या नियमांनी ते टिकू दिले नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनी त्याआधीच याला पांगाऱ्याच्या प्रजातीत घालून ‘मोनोस्पर्मा’, म्हणजे एकबीजी, असे नाव दिले होते. अगोदरच्या नावाला मान, या न्यायाने पुढे ‘ब्यूटिया मोनोस्पर्मा’ हे नाव रूढ झाले. मोठ्या चपट्या शेंगेच्या टोकाला एकच बी, ती आपली जंतावरची ‘पळसपापडी’. लामार्क यांनी पळसाला पांगारा समजावे यात हसण्यासारखे काही नाही. पांगाऱ्यालाही पाने तीनच असतात, तोही पानगळीनंतर लाल फुलतो, आणि आपल्या शहरांतले कितीतरी लोक आजही दोघांची गल्लत करतात.

मराठीतही पळसाचे नाव दुसऱ्या झाडांना दिलेले आहे. ‘पळसवेल’ ही त्याची वेलरूपी बहीण, तेव्हा तिथे हरकत नाही. ‘काळा पळस’ म्हणजे मात्र तिवस. त्याचीही पाने तीन-तीनच्या जुडीत येतात म्हणून त्याला पळस म्हटले. म्हणजे तिथेही ओळख पटली ती पानावरूनच. पिवळ्या फुलांचा पळस हा याच झाडाचा एक दुर्मीळ प्रकार. पांढऱ्या फुलांचा पळस त्याहून विरळा, आणि गुप्तधनाच्या खुळापायी त्याच्या सालीचे लचके तोडले जातात. दुर्मीळ नावाची किंमत कधी कधी झाडाला अशी मोजावी लागते.

आता पुन्हा गावांकडे येऊ. आपल्याकडे गावांची नावे मोठ्या प्रमाणावर झाडांवरून पडली. इंदापूर तालुक्यातच बाभुळगाव आहे, हिंगणगाव आहे, वडापुरी, जांब, बोरी आणि कळंब आहे. निमगाव केतकीच्या नावात निंब आणि केवडा अशा दोन वनस्पती. गाव प्रसिद्ध मात्र तिसरीसाठीच, तिथल्या पानमळ्यांतल्या विड्याच्या पानांसाठी. बारामतीत पिंपळी, लिमटेक, आंबी आणि आपली पळशी. नकाशा उघडून ही नावे सलग वाचली तर कालव्यांपूर्वीच्या या माळरानाचे एक वनस्पतिशास्त्रीय टिपणच हाती येते. बाभूळ, हिंगण, बोर, निंब, पळस, ही सगळी कमी पावसात तग धरणारी मंडळी आहेत. ओढ्याकाठी वड, जांभूळ आणि आंबा. वनखात्याची कागदपत्रे जिथे पोहोचत नाहीत तिथे गावांची नावे साक्ष देतात.

अर्थात साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. महाराष्ट्रात पळसनेर, पळसदरी, पळस्पे, ना. धों. महानोरांचे पळसखेड अशी नावे विखुरलेली आहेत. बंगालमध्ये तर एका पळसबनाने इतिहासात जागा मिळवली : २३ जून १७५७ रोजी जिथे सिराजउद्दौलाचा पराभव झाला ते प्लासी म्हणजे बंगालीतले ‘पलाशी’. इथे शंका नाही. पण सांगली जिल्ह्यातल्या पलूसचे काय? नाव कानाला जवळचे लागते, तेवढ्यावर ते पळसाच्या खात्यात टाकू नये. त्यात मराठीचा नेहमीचा ‘ळ’ नाही आणि मधला ‘ऊ’ उपटसुंभ आहे. त्याचा उलगडा झाल्याखेरीज ही सोयरीक मान्य करणे घाईचे होईल. गावांच्या नावांबाबत आपल्याकडे हौशी व्युत्पत्तीचा सुकाळ आहे, म्हणून हा इशारा.

पळसदेवच्या बाबतीत तशी शंका घ्यायला जागा कमी. गावाचे दैवत पळसनाथ, म्हणजे महादेव. झाडावरून देवाचे आणि देवावरून गावाचे नाव, अशी ही दोन पायऱ्यांची चाल दिसते. झाडाच्या नावाने ओळखला जाणारा शंकर आपल्याकडे नवा नाही. मुंबईच्या बाबुलनाथाचे नावही बाभळीशी जोडले जाते. तीन दळांच्या पानाचे आणि त्रिनेत्र देवाचे सख्य बेलामुळे सर्वांना माहीत आहेच. पळसालाही पाने तीन, आणि त्यांना ब्रह्मा-विष्णू-महेश मानण्याची समजूत जुनी आहे. भीमेच्या काठी उभे असलेले पळसनाथाचे जुने दगडी देऊळ हेमाडपंती म्हणून ओळखले जाते. उंच शिखर, कोरीव खांब, भोवतीची लहान मंदिरे आणि वीरगळ असा तो सगळा परिसर.

भीमेवर सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतली काठावरची गावे पाण्याखाली गेली, त्यांत पळसदेवही गेले. माणसे उठून वर महामार्गालगत आली. त्यांनी सोबत जे नेता आले ते नेले. वाडे, पेठ, घाट, देऊळ नेता येत नव्हते. नाव नेता आले. म्हणून आज पळसदेव हे नाव महामार्गावर आहे आणि ज्या देवावरून ते पडले त्याचे जुने घर जलाशयात आहे.

उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला साधारण ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दारांच्या खालचा. वर्तमानपत्रांतून उन्हाळ्यात ‘उजनी उणे’ अशा बातम्या येतात त्याचा अर्थ हा की उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागला. पाणी असे उणे होत गेले की प्रथम शिखराचा अधिकाधिक भाग उघडा पडतो, मग सभामंडप, मग पायऱ्या. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी इतके खाली गेले की लोक चालत देवळापर्यंत पोहोचले. बाहेरच्यांनी छायाचित्रे काढली. गावातल्या वयस्क मंडळींनी इथे आमची गल्ली होती, इथे शाळेची वाट होती, असे नातवंडांना दाखवले. सोलापूरकराच्या दृष्टीने हे वर्ष दुष्काळाचे. पळसदेवच्या म्हाताऱ्या माणसाला त्याच वर्षी आपले गाव परत दिसते. या दोन भावनांची बेरीज करता येत नाही.

पाण्याने जे उजनीकाठी केले ते नीरेच्या कालव्याने बारामतीत निराळ्या रीतीने आधीच केले होते. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाहू लागला आणि माळाचा मळा झाला. जिथे जनावरे चरत तिथे ऊस उभा राहिला. जनावरे पळसाला फारसे तोंड लावत नाहीत, म्हणून गायरानात तो टिकून राहतो. पण उसाच्या सरीत त्याला कोण उभे राहू देणार? अतिपाण्याने पुढे जमिनी चोपण होऊ लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील डॉ. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारावलेल्या जमिनींवर १९१० मध्येच पुस्तिका लिहिली होती, म्हणजे हे दुखणे आजचे नव्हे. गंमत अशी की खारट, निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत जी थोडी झाडे तग धरतात त्यांत पळस आहे. ज्याला उसाने हाकलले त्याच्याच जोगी जमीन उसाने तयार करून ठेवली.

आणि पानांचे काय? नावाचा मूळ अर्थ जिवंत ठेवला तो पत्रावळीने. प्लॅस्टिक येण्यापूर्वी लग्नकार्य, भंडारा, उरूस, कुठलीही पंगत पळसाच्या वा वडाच्या पानांवर उठे. पाने तोडायची, दडपून ठेवायची, चोयांनी टाचायची. द्रोण टाचणारा हात वेगळा आणि पत्रावळ टाचणारा वेगळा, इतके त्यात कसब होते. चातुर्मासात पळसाच्या पानावर जेवण्याचे व्रत घरोघरी असे. माणूस परमुलखात गेला आणि देह हाती लागला नाही, तर पळसाच्या देठांची आणि पानांची आकृती करून तिला अग्नी देण्याचा ‘पालाशविधी’ धर्मशास्त्राने सांगितला आहे. तीनशे साठ देठांचा तो मनुष्य. जिवंतपणी जेवायला पान, मेल्यावर देहाच्या जागी पान.

तुकोबांची पालखी दर आषाढीला बारामतीहून निघते, बेलवाडीला रिंगण होते आणि निमगाव केतकी, इंदापूर करीत ती सराटीला नीरेच्या काठी पोहोचते. या वाटेवरच्या हजारो पंगती एका पिढीत पानावरून थर्मोकोलवर गेल्या. २०१८ मध्ये राज्याने प्लॅस्टिक आणि थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आणली, तेव्हा पत्रावळी पुन्हा बाजारात दिसू लागल्या. बऱ्याचशा यंत्रावर दाबलेल्या आहेत. हाताने टाचलेली पत्रावळ आता शोधावी लागते आणि ती टाचणाऱ्या बाईला मिळणारे पैसे विचारले तर ती कला का टिकली नाही हेही कळते.

शहरांत ‘पलाश’ नावाच्या सोसायट्या आहेत, मुलांचीही नावे पलाश ठेवतात. तत्सम शब्दाला प्रतिष्ठा आणि तद्भवाला रान, ही वाटणी मराठीत जुनीच. ती मोरोपंतांच्या बारामतीला तरी समजावून सांगायला नको. पण पलाश नाव ठेवणाऱ्या आईबापांना विचारले तर ते फुलाचे नाव म्हणून सांगतील. त्यांनी मुलाचे नाव ‘पान’ ठेवले आहे, हे त्यांना कोणीतरी प्रेमाने सांगावे. नाव वाईट नाही.

पळस फुलतो माघ-फाल्गुनात, अंगावर एकही पान नसताना. फुले झडली की चैत्र-वैशाखात त्याला नवी पालवी येते, आधी तांबूस, मग मऊ, मग जाड आणि गडद. उजनीचे पाणी ओसरून पळसनाथाचे देऊळ उघडे पडते ते साधारण याच दिवसांत.